सक्ती हवी की नको? आधी हेल्मेट कोणतं ते बोलू

पुण्यात हेल्मेटचा विषय निघाला की वाद कुठून सुरू होणार आणि कुठे जाऊन थांबणार, हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. १ जानेवारी २०१९ पासून शहर पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती रस्त्यावर उतरली, मोर्चा निघाला, आणि दुसऱ्या बाजूनं ‘पुणेकरांना शिस्तच नको’ अशी टीका सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्यावरही कारवाई करा, असं पत्र राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी सगळीकडे धाडलं आणि तीच वाक्यं पुन्हा ऐकू आली. एकीकडे व्यक्तिस्वातंत्र्य, खड्डे, मानेचं दुखणं, पोलिसांची वसुली. दुसरीकडे मृत्यूचे आकडे, कायद्याचं कलम, लोकांची बेफिकिरी. इतक्या वर्षांच्या या भांडणात एक प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे: घालायचं ते हेल्मेट नेमकं कसलं?

माझं मत आधीच सांगतो. दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येकानं हेल्मेट घातलंच पाहिजे, आणि तसा कायदा असणंही योग्य आहे. पण डोक्यावर काहीतरी गोल आणि टणक दिसलं की सक्तीच्या समर्थकांचं समाधान होतं, आणि विरोधकांचा सगळा राग त्या गोल वस्तूवर निघतो. तिच्या आत काय आहे, याची चौकशी दोघंही करत नाहीत. डोकं वाचतं ते आतल्या थरामुळे, बरोबर मापामुळे आणि हनुवटीखाली आवळलेल्या पट्ट्यामुळे. या तीन गोष्टी नसतील तर कायदा पाळूनही माणूस दगावतो. म्हणून कारवाईचा रोख चौकातल्या दुचाकीस्वाराइतकाच, किंबहुना त्याच्याआधी, हेल्मेट बनवणाऱ्याकडे आणि विकणाऱ्याकडे असला पाहिजे. आणि विकत घेताना आपण रंग, किंमत, कंपनी यांच्याआधी या तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत.

सक्तीचे समर्थक जो आकडा पुढे करतात तो खोटा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवर होती. हेल्मेट न घालता गेलेल्यांचा आकडा ५०,०२९. तो ऐकून कुणाचंही काळीज हलेल. पण वजाबाकी करून पाहा. उरलेल्या जवळपास २५ हजार माणसांचं काय? त्यातले कित्येक ट्रकखाली सापडले असतील, कित्येक छातीच्या नाहीतर पोटाच्या मारानं गेले असतील. तिथे जगातलं कुठलंही हेल्मेट उपयोगी पडलं नसतं. पण किती जणांच्या डोक्यावर नावापुरतं हेल्मेट होतं? किती जणांचं हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून दहा फुटांवर जाऊन पडलं? आपल्याकडे नोंद होते ती ‘घातलं होतं’ किंवा ‘नव्हतं’ एवढीच. ज्या प्रश्नाची नोंदच होत नाही, त्यावर धोरण कसं ठरणार?

हेल्मेट काम कसं करतं हे नीट समजलं की यातला बराचसा वाद गळून पडतो. बाहेरचं कवच मार एका बिंदूवर न राहू देता पसरवतं आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. खरं काम आतल्या जाड थराचं असतं, ज्याला आपण थर्माकोल म्हणतो. डोकं आपटतं तेव्हा हा थर चिरडला जातो, आणि तो चिरडला जात असतानाच डोक्याचा वेग उतरतो. युरोपच्या २२.०५ या मानकात हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगानं पोलादी ऐरणीवर आपटत, आणि आतल्या नकली डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २७५ पटींच्या आत राहिला पाहिजे अशी अट होती. शाळेतलं भौतिकशास्त्र वापरून हिशेब करा. या वेगानं येणारं डोकं अडीच सेंटिमीटर अंतरात एकसारखं मंदावत थांबलं, तर धक्का सुमारे ११५ पट येतो. तेच डोकं अर्ध्या सेंटिमीटरच्या स्पंजात थांबलं, तर ५७० पटींच्या वर जातो. प्रत्यक्षात कुठलाही थर इतका एकसारखा दबत नाही, त्यामुळे खरे आकडे याहून वाईटच असतात. सगळं संरक्षण त्या दोन-अडीच सेंटिमीटरमध्ये आहे, आणि बाहेरून पाहून ते ओळखू येत नाही.

आता रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून दोनशे-तीनशे रुपयांना जी हेल्मेटं विकायला ठेवलेली असतात, त्यातलं एक उचलून आत बोट घालून बघा. कापडी अस्तराच्या आत बोटभर जाडीचा टणक थर्माकोल लागतो का? बऱ्याचदा मऊ फोमची पातळ चकती लागते, आणि तिच्यामागे थेट प्लास्टिकचं कवच. पट्टा दोन रिबिटांवर लटकलेला, बक्कल ओढलं की निसटणारं. पोलिसांची मोहीम सुरू झाली की त्याच आठवड्यात या ताडपत्र्यांची संख्या वाढते, हे पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकानं पाहिलं आहे. ज्या सक्तीमुळे ही विक्री वाढते, ती सक्ती कुणाचं डोकं वाचवते आहे?

याला सगळ्यात भक्कम उत्तर असं दिलं जातं: काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. लोक अजून हेल्मेटच घालत नाहीत, तिथे मानकांच्या गप्पा मारून त्यांना आणखी घाबरवू नका. आधी सवय लागू द्या, दर्जा नंतर बघू. हे म्हणणारे बहुतेक जण मनापासून म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. हेल्मेटवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे आकडे प्रयोगशाळेतले नाहीत, रस्त्यावरच्या साध्या माणसांचे आहेत.

पण ते कुठल्या हेल्मेटचे आहेत? बहुतेक अभ्यास अशा देशांतले, जिथे दुकानात मिळणारं हेल्मेट चाचणीतून गेलेलं असतं. हा आकडा उचलून ताडपत्रीवरच्या टोपीला चिकटवता येत नाही. अमेरिकेत फक्त कायद्यातून सुटण्यासाठी घातली जाणारी पातळ, शोभेची हेल्मेटं मिळतात. तिथल्या रस्ता सुरक्षा खात्यानं ती चाचणीत टाकली तेव्हा मेंदूला गंभीर इजा टळेल अशी आशा ठेवायला जागा उरली नाही. ‘आधी सवय, मग दर्जा’ या म्हणण्यात दुसरीही खोट आहे. नकली हेल्मेट घातलेला तरुण गल्लीत गेला की सगळ्या गल्लीला एकच दिसतं: हेल्मेट होतं, तरी गेला. पुढची दहा वर्षं त्या गल्लीत हेल्मेटची गोष्ट कुणाला पटत नाही. ज्या सवयीसाठी दर्जा बाजूला ठेवला, तीच सवय अशी मारली जाते.

हा प्रश्न नवा नाही. मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, मोटरसायकलवरून पडले आणि सहा दिवस बेशुद्ध राहून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केर्न्सनी त्यानंतर दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा पाठपुरावा केला. १९४१ मध्ये, ऐन युद्धात, त्यांनी लेख लिहून दाखवलं की युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले आहेत, आणि हेल्मेट घातलेल्या जवानांच्या जखमा सौम्य आहेत. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यानं निरोप्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. ही गोष्ट सक्तीचे समर्थक आवडीनं सांगतात, पण इथेच थांबतात. केर्न्स थांबले नाहीत. १९४३ च्या पुढच्या लेखात त्यांनी आणि त्यांचे सहकारी होलबर्न यांनी सैन्यात वापरात असलेल्या रबराच्या आणि लगद्याच्या हेल्मेटांची तुलना केली. सक्ती होऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि ज्या माणसामुळे ती आली तोच विचारत होता की यातलं कुठलं चांगलं. ब्रिटनमध्ये सर्वसामान्यांवर सक्ती आली ती १९७३ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. तोवर हेल्मेट कसं असावं याची बरीच समज जमा झाली होती. आपण हा क्रम उलटा केला. १९८८ च्या मोटर वाहन कायद्यात कलम १२९ आलं, आणि आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट बनवायला आणि विकायला देशभर बंदी करणारा आदेश लागू व्हायला १ जून २०२१ उजाडावा लागला. मधली तीन दशकं आपण माणसांना घालायला लावत होतो, आणि काय घालायला लावत होतो हे प्रत्यक्षात ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं.

सक्तीच्या विरोधकांना मी पुण्याच्याच इतिहासातलं एक उदाहरण देईन. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या प्लेग समितीनं घराघरांत सैनिक घुसवून जी तपासणी केली तिच्यावरचा लोकांचा संताप रास्त होता. टिळकांनी ‘केसरी’तून त्या पद्धतीवर सडकून टीका केली. पण त्याच टिळकांनी शहरात हिंदू प्लेग हॉस्पिटल उभं करण्यात पुढाकार घेतला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या. सरकारची रीत चुकीची आहे म्हणून रोग खोटा आहे, असं या माणसांनी मानलं नाही. आज हेल्मेटसक्तीच्या विरोधात बोलणाऱ्यांना म्हणूनच विचारावंसं वाटतं की तुमचं हॉस्पिटल कुठे आहे? चौकात अडवून पावत्या फाडण्याला विरोध असेल तर तो जरूर करा. पण चांगलं हेल्मेट स्वस्तात मिळावं, नकली माल जप्त व्हावा, यासाठी तुमचा एखादा मोर्चा निघाला आहे का?

विरोधकांचे काही मुद्दे मात्र मी मान्य करतो. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात दुपारी दोन वाजता सिग्नलला उभं राहणं म्हणजे काय, हे मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत बसून कळणार नाही. याची दखल सरकारी पातळीवरही घेतली गेली होती: २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या सूचनेवरून आपल्या हवामानाला चालतील अशा हलक्या हेल्मेटांचा विचार करायला एक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनंतर मानकात बदल झाले. हवा खेळती राहणारं, हलकं आणि तरीही चाचणीत उतरलेलं हेल्मेट आज मिळतं. पोलिसांच्या कारवाईत वसुलीचा वास येतो, हेही खोटं नाही. आणि रस्त्यावरचे खड्डे बुजवणं हे महापालिकेचं काम आहे, त्याची जबाबदारी हेल्मेट घालणाऱ्यावर ढकलता येत नाही. पण खड्डे आहेत म्हणून हेल्मेट नको, या तर्काचा शेवट काय? खड्ड्यात आदळून पडणाऱ्या माणसाला तर ते जास्त हवं.

‘गावातल्या गावात वेग कितीसा असतो’ हा मुद्दा मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण तो पडण्याचं भौतिकशास्त्रच विसरतो. गाडीचा वेग आणि डोकं जमिनीवर आदळण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना जरी तो कलंडला, तरी तेवढ्या उंचीवरून पडणारं डोकं ताशी जवळपास २० किलोमीटर वेगानं डांबरावर येतं. मघाच्या चाचणीतला वेग २७ होता, हे आठवा. म्हणजे पेठेतल्या गल्लीत, दुधाच्या पिशव्या आणायला निघालेल्या माणसाची पडझड चाचणीच्या वेगापासून फार लांब नसते. मानेला इजा होते, ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, या तक्रारींची तपासणी तर फार पूर्वी झाली आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकानं लॉस एंजेलिसच्या परिसरात ९०० अपघातांची जागेवर जाऊन छाननी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. हेल्मेटमुळे मानेच्या गंभीर जखमा वाढतात किंवा वाहतुकीचे आवाज ऐकू येत नाहीत, याला त्यांना आधार सापडला नाही. मान दुखते ती बहुतेक वेळा जड किंवा चुकीच्या मापाच्या हेल्मेटमुळे. म्हणजे पुन्हा निवडीचाच प्रश्न.

राहिला स्वातंत्र्याचा मुद्दा. माझं डोकं, माझी मर्जी. अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे. १९६६ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांच्या निधीला हेल्मेटची अट जोडली, तेव्हा १९७५ पर्यंत बहुतेक सगळ्या राज्यांनी सक्ती केली. १९७६ मध्ये संसदेनं ती अट काढली, अनेक राज्यांनी कायदे मोडीत काढले आणि तिथे दुचाकीस्वारांचे मृत्यू वाढले. २००० मध्ये फ्लोरिडानं २१ वर्षांवरच्यांना सूट दिली, पण किमान १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा असेल तरच. तिथेही मृत्यू वाढलेच. तरी फ्लोरिडानं निदान एवढं तरी विचारलं की पडल्यावर खर्च कोण करणार. आपल्याकडे तो खर्च सरकारी रुग्णालय करतं आणि उरलेला बायकोचे दागिने करतात. तेव्हा निर्णय ज्याचा असेल, भोग त्याच्या एकट्याचा नसतो.

सक्तीच्या बाजूला आणखी एक गट आहे. महागडी गाडी, महागडं परदेशी हेल्मेट, आणि ठाम मत की आयएसआय म्हणजे कचरा. युरोपचं नवं २२.०६ मानक अधिक कडक आहे, हे खरंच. त्यात कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांच्या चाचण्या आल्या, आणि डोकं तिरकं आपटून पिळवटलं जातं तेव्हाच्या धक्क्याचीही चाचणी आली. आपलं मानक पुढे न्यायला हवं यात शंका नाही. पण महाग म्हणजे सुरक्षित हे समीकरण ब्रिटननंच खोटं ठरवलं. तिथल्या वाहतूक खात्याचा ‘शार्प’ उपक्रम २००७ पासून बाजारातून हेल्मेटं विकत घेतो, आपटून बघतो आणि एक ते पाच तारे देतो. त्यात स्वस्त हेल्मेटांना पाच तारे आणि बऱ्याच महागांना कमी तारे मिळालेले दिसतात. आपल्याकडे मोटारींसाठी ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ या धडक चाचणीचे तारे आले. दुचाकीवर इतकी जास्त माणसं मरत असताना हेल्मेटला तारे का नाहीत? ग्राहकाला आज फक्त ‘पास’ एवढंच कळतं. काठावर पास की डिस्टिंक्शन, ते कुणी सांगत नाही.

तोवर निवड आपल्यालाच करायची आहे, आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्या मापात. आपल्याकडे घरात हेल्मेट एक आणि डोकी चार असतात. वडिलांचं हेल्मेट मुलगी क्लासला घेऊन जाते, भाऊ भाजी आणायला जाताना तेच उचलतो. एकाला घट्ट, दुसऱ्याला सैल. सैल हेल्मेट पहिल्या धक्क्याला फिरतं किंवा उडतं, आणि दुसरा धक्का उघड्या डोक्याला बसतो. शिंप्याची टेप घेऊन भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून माप घ्या. दुकानात ते ५६०, ५८०, ६०० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. नवं हेल्मेट गालांना दाबलं पाहिजे, इतकं की बोलताना गाल आतून दातांना लागतील. स्पंज काही आठवड्यांत बसतो. मात्र कपाळावर एकाच जागी रुतत असेल तर माप बरोबर असूनही आकार तुमचा नाही, दुसरं बघा. घालून मान जोरात हलवा, हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. पट्टा लावून कुणाला तरी मागून हेल्मेट वर आणि पुढे ढकलायला सांगा. डोक्यावरून निघालं तर ते अपघातातही निघणार. दुकानात निदान दहा मिनिटं घालून उभे राहा. डोकं दुखायचं असेल तर तिथेच दुखू दे. दुकानदार घाई करतो, ‘मोठं घ्या साहेब, काढायला-घालायला सोपं’ म्हणतो. ऐकू नका. आंबाडा किंवा मोठी क्लिप असेल तर हेल्मेट खाली बसतच नाही, म्हणून वेणी मानेशी खाली घेऊनच माप बघायला हवं. मागे बसणाऱ्या आईला, सासूबाईंना न विचारता ‘हे घाल गं’ म्हणून जुनं हेल्मेट दिलं जातं. माप त्यांचंही घ्या.

हाफ की फुल फेस, हा दुसरा प्रश्न. हॅनोव्हरमध्ये डिटमार ओटे यांनी अपघातातल्या हेल्मेटांवर मार कुठे बसला याची पाहणी केली होती. साधारण एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागात होते. ते चित्र पाहिल्यावर हनुवटी उघडी ठेवणारं हेल्मेट मी कुणाला सुचवू शकत नाही. पण ज्याला फुल फेसमध्ये जीव गुदमरतो आणि म्हणून तो ते घरीच ठेवतो, त्यानं चांगल्या दर्जाचं, मापाचं, उघड्या तोंडाचं हेल्मेट रोज घातलेलं मला जास्त चालेल.

चिन्हाबद्दल थोडक्यात. आयएसआयच्या खुणेवर आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसतं स्टिकर कुणीही छापतं. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आहे आणि चालू आहे की रद्द झाला, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. ‘एवढं कोण बघणार’ असं म्हणणारे लोक मोबाइल घेताना दोन दिवस तुलना करत बसतात. आणि थर्माकोल एकदाच चिरडतो. अपघातात सापडलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी निकामी असतं. वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नये ते यासाठीच. आरशावर टांगून ठेवल्यानंही आतला थर हळूहळू खचतो.

ग्राहकानं एवढं केलं तरी यंत्रणा मोकळी सुटत नाही. बीआयएस कायद्यात बिनपरवाना माल बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड आहे. चौकात हजार रुपयांची पावती फाडणाऱ्या हवालदाराच्या शंभर पावलांवर हा गुन्हा भर दिवसा, ताडपत्रीवर चालू असतो. पहिली कारवाई कुणावर व्हायला हवी? नव्या गाडीबरोबर विक्रेत्यानं हेल्मेट द्यावं असा केंद्रीय मोटर वाहन नियमांत जुना नियम आहे. शोरूममधून मिळणारं ते हेल्मेट कुणी कधी गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप घेऊन दिलं आहे का? कलम १२९ मध्ये तर हेल्मेट पट्ट्यानं डोक्यावर घट्ट बांधलेलं असावं असंही लिहिलं आहे. तरी मोकळा लोंबणारा पट्टा कॅमेऱ्याला दिसत नाही आणि पोलिसाला खटकत नाही. आणि ज्या वस्तूची सक्ती करायची तिच्यावर २०१७ मध्ये १८ टक्के जीएसटी लावताना सरकारनं काय विचार केला होता, याचं उत्तर पटेल असं मला अजून कुणी दिलेलं नाही.

मुलांचा विषय सगळ्यांत मागे पडला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं चार वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला हेल्मेट बंधनकारक झालं. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आली, आणि वर्षभरानं ते लागू झाले. शाळा सुटायच्या वेळी कुठल्याही फाटकाशी उभे राहा: वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट, स्कूटरवर पुढे उभं असलेलं पोर उघडं. मुलाच्या मापाचं, परवाना क्रमांक असलेलं हेल्मेट गावातल्या दुकानात ठेवलेलंच नसतं, कारण मागणी नाही. आणि मागणी नाही, कारण दुकानात ते कुणाला दिसतच नाही. हा फेरा शाळांना मोडता येईल. जूनमध्ये गणवेशाची मापं घेतात त्याच दिवशी डोक्याचंही माप घ्यावं आणि पालक संघानं शंभर-दीडशे हेल्मेटांची एकत्र ऑर्डर परवानाधारक उत्पादकाकडे नोंदवावी. मोर्चासाठी माणसं जमवू शकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी येत्या जूनमध्ये प्रत्येकी एका शाळेपासून हे सुरू करावं.